काणीचं घराणं: अस्टिलॅजिनेसी कुळाबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि घरी दीड एकर ऊस आहे. त्यामुळे उसाच्या काणीच्या एकाच बुरशीबद्दल दोन बाजूंनी प्रश्न येतात. वर्गातली मुलं विचारतात, "सर, परीक्षेत जुनं नाव लिहायचं का नवं?" बांधावरचे लोक विचारतात, "हे काळं काय आलंय उसाला?" दोघांची उत्तरं एकाच पानावर असावीत म्हणून हे लिहिलं. एक गोष्ट आधीच सांगतो. पिकाच्या बाबतीत आपण 'जात' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वाण म्हणायचा असतो. शास्त्रात जाती म्हणजे वेगळं, सजीवाचा एक प्रकार. जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, आणि जवळच्या प्रजातींचा गट म्हणजे कुळ किंवा कुल. म्हणून खाली उसासाठी 'वाण' आणि बुरशीसाठी 'जाती' असं ठेवलंय.

उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक येतो, तो नेमका काय असतो?

तो उसाचाच शेंडा असतो, काणीच्या बुरशीने ताब्यात घेतलेला. जिथून पोंगा आणि पुढे तुरा यायचा, तिथून एक लांब, पेन्सिलीएवढा किंवा त्याहून बारीक दांडा निघतो. तो कधी वीतभर असतो, कधी हातभर, आणि लांब झाला की चाबकासारखा वळतो. सुरुवातीला त्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला की आत काळी भुकटी दिसते. ही भुकटी म्हणजे बुरशीची बीजुकं, बियांचं काम करणारे बारीक कण. आतला गाभा मात्र उसाच्याच पेशींचा आणि धाग्यांचा असतो. एका चाबकात कोट्यवधी बीजुकं असतात आणि प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. वाऱ्यावर ती किती लांब जात असतील याचा अंदाज त्यावरून येतो.

चाबूक यायच्या आधीही उसाचं बेट, म्हणजे एका बुडख्यातून फुटलेला झुपका, बोलत असतं. फुटवे गरजेपेक्षा जास्त, कांड्या बारीक, पानं अरुंद आणि ताठ. लांबून गवत वाटावं असं. पण गवताळ वाढ हा वेगळा रोग आहे, तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. त्यात पानं पांढुरकी पडतात आणि चाबूक कधीच येत नाही.

काणी, काजळी, तांबेरा हे सगळं एकच का?

नाही. तांबेरा बोटाला विटकरी लागतो आणि पानावर असतो. काणी बोटाला काळी लागते आणि बहुतेक वेळा जिथं दाणा, तुरा किंवा शेंडा यायचा तिथं असते.

'काजळी' हा शब्द मात्र गोंधळाचा आहे. गव्हाच्या काणीला काजळी म्हणतात. भातावरच्या एका भलत्याच रोगालाही काजळी म्हणतात. आणि पानावर मावा किंवा पांढऱ्या माशीच्या चिकट गोडावर जी काळी बुरशी चढते तिलाही लोक काजळीच म्हणतात. २००२ साली आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानं वरून काळी पडली होती आणि कितीतरी जणांना ती काणी वाटली. ओल्या फडक्याने पान पुसा. काळं निघालं आणि खाली हिरवं पान शाबूत असलं, तर ती काणी नव्हे.

या बुरशीचं कुळ कोणतं?

अस्टिलॅजिनेसी. वरपासून पत्ता सांगायचा तर संघ बॅसिडिओमायकोटा, म्हणजे ज्यात अळिंबी आणि तांबेराही येतात तो. त्यात उपसंघ अस्टिलॅजिनोमायकोटिना, वर्ग अस्टिलॅजिनोमायसीटिस, गण अस्टिलॅजिनेलीझ आणि मग हे कुल. नावाच्या मुळाशी जळण्याचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. जळलेलं कणीस पाहिलेल्या कोणालाही तो पटेल.

हे कुल १८४७ साली फ्रान्समधल्या तुलान बंधूंनी मांडलं. त्यांच्याही आधी, १७५५ साली, टिले नावाच्या फ्रेंच माणसाने गव्हाच्या बियाण्याला काळी भुकटी चोळून पेरणी केली आणि रोग त्या भुकटीतून पसरतो हे दाखवून दिलं. हा गृहस्थ टांकसाळीत अधिकारी होता, शेतीचा पंडित नव्हता. पण भुकटी जिवंत आहे हे त्याला कळलं नव्हतं, तो तिला विषासारखं काहीतरी समजत होता. १८०७ साली प्रेव्हो याने ती बीजुकं रुजताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तांब्याच्या क्षाराने ती रुजायची थांबतात हेही टिपलं. बियाण्याला औषध चोळायची आपली रीत तिथपर्यंत मागे जाते.

पुस्तकात 'अस्टिलॅगो सिटामिनिया' आहे आणि इंटरनेटवर 'स्पोरिसोरियम सिटामिनियम'. खरं कोणतं?

आज दुसरं. मी स्वतः पहिलं पाठ करून पास झालो, त्यामुळे ते अजून जिभेवर येतं.

पहिलं नाव सिडो याने १९२४ साली दिलं. २००२ साली पिपेनब्रिंग, स्टोल आणि ओबरविंकलर या तिघांनी ही जाती अस्टिलॅगो प्रजातीतून काढून स्पोरिसोरियममध्ये नेली. असं का केलं, ते चाबूक हातात धरला की निम्मं समजतं. अस्टिलॅगोच्या ठरावीक जातींत बीजुकांचा लगदा मोकळा असतो, मधे खांब नसतो. स्पोरिसोरियममध्ये मधे यजमान वनस्पतीच्या पेशींचा खांब असतो, बाहेरून बुरशीचा पापुद्रा असतो आणि बीजुकांच्या मधे वांझ पेशींचे पुंजके सापडतात. चाबकात गाभाही आहे आणि पापुद्राही. उरलेलं निम्मं डीएनएच्या तुलनेतून आलं.

नियमाप्रमाणे जातीचं नाव टिकलं, फक्त प्रजातीच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलला. म्हणून 'सिटामिनिया'चं 'सिटामिनियम' झालं. मुलांना हा बदल छापखान्याची चूक वाटतो. ती चूक नाही, व्याकरण आहे.

परीक्षेत काय लिहायचं? नवं नाव लिहा आणि पुढं 'पूर्वीचं नाव' म्हणून जुनं द्या. कुठल्याही परीक्षकाची हरकत नसावी. आणि संदर्भ शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर २००२ पूर्वीचं सगळं काम तुमच्या नजरेआड राहील. कृषी खात्याच्या मराठी पत्रकांत अजूनही जुनंच नाव सापडतं. रोग तोच आहे.

ही नावं सारखी का बदलतात? शास्त्रज्ञांना दुसरं काम नाही का?

हा प्रश्न मला एका ऊस उत्पादकाने तोंडावर विचारला होता. त्यांचा राग मला पटतो, पण निष्कर्ष पटत नाही.

जुन्या लोकांकडे दोनच साधनं होती. बीजुकाचा आकार आणि ते कोणत्या पिकावर येतं. बीजुकं काळी, गोल, बारीक दिसली की टाकलं अस्टिलॅगोत. अशाने ती प्रजाती आठवडी बाजारासारखी झाली, जो येईल तो आत. १९९७ साली बाउअर, ओबरविंकलर आणि वांकी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आणि वनस्पती यांची पेशीपातळीवरची गाठभेट कशी होते हे पाहून साऱ्या काणी बुरशींची नवी मांडणी केली. त्यानंतर डीएनए आलं. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅकटॅगार्ट आणि सहकाऱ्यांनी अस्टिलॅगो, स्पोरिसोरियम आणि मॅकअल्पिनोमायसीस या तिघींचा गुंता सोडवताना आणखी वाटण्या केल्या. काही जाती अँथ्राकोसिस्टिसमध्ये गेल्या, काहींसाठी लँगडोनिया, स्टोलिया अशी नवी घरं बांधली. मक्याच्या काणीला २०१६ मध्ये मायकोसार्कोमा मेडिस म्हणायला सुरुवात झाली. प्रयोगशाळेतले बरेच लोक मात्र अजून हट्टाने अस्टिलॅगो मेडिसच म्हणतात.

वांकी यांच्या २०१२ च्या ग्रंथात जगभरच्या सोळाशेहून जास्त काणी जातींची नोंद आहे. एवढ्या पसाऱ्यात घर चुकणारच. माझ्या मते कुल आणि गण आता बऱ्यापैकी स्थिर झालेत, ओढाताण उरलीय ती प्रजातींच्या पातळीवर.

ज्वारीची, बाजरीची, गव्हाची काणी याच कुळातली का?

हो. ज्वारीची दाणे काणी म्हणजे स्पोरिसोरियम सॉर्घी. ही प्रजाती १८२५ साली उभी राहिली ती याच जातीवर. मोकळी काणीही त्याच प्रजातीतली. लांब काणी आता अँथ्राकोसिस्टिसमध्ये धरतात. बाजरीची मोएसझिओमायसीसमध्ये. गहू आणि बार्लीच्या मात्र अजून अस्टिलॅगोतच आहेत. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात शाळूचं (रब्बी ज्वारीचं) पोतं उघडल्यावर एखादा दाणा फुगलेला, राखाडी टोपी घातल्यासारखा दिसला, तर तो नखाने फोडून पाहा.

आणि भाताची काजळी?

ती या घराण्यातली नाही, लांबची नातलगही नाही. आजरा, भुदरगड, गगनबावडा या पट्ट्यात ओंबीतल्या एखाद्या दाण्याच्या जागी आधी पिवळसर-नारिंगी आणि नंतर काळपट-हिरवा मखमली गोळा दिसतो. पुस्तकात त्याला आभासमय काजळी म्हणतात आणि नाव चपखल आहे. तिचं शास्त्रीय नाव अस्टिलॅजिनॉइडिया व्हायरेन्स. म्हणजे नावातच 'अस्टिलॅगोसारखी दिसणारी' असं कबूल केलंय. ती अ‍ॅस्कोमायकोटा संघातली आहे, पूर्ण वेगळा संघ. तिथं उसाच्या काणीचं ज्ञान लावायला जाऊ नका.

गव्हाच्या दाण्यातली, सडक्या माशासारखा वास येणारी काणी (बंट) हीसुद्धा वेगळी. ती टिलेशिया प्रजातीची, नाव त्याच टांकसाळवाल्या टिलेवरून. तिचं कुल टिलेशिएसी आणि वर्गही निराळा, एक्सोबॅसिडिओमायसीटिस. १९३१ साली हरियाणातल्या कर्नालला सापडलेली कर्नाल बंट हीही टिलेशियाच. ओळखायची खूण बीजुक रुजण्यात आहे. अस्टिलॅजिनेसीचं बीजुक रुजलं की आडव्या पडद्यांनी चार खोल्यांची नळी तयार होते. टिलेशियाच्या नळीला खोल्या नसतात, टोकाला लांबट बीजाणूंचा झुबका येतो. उसाची बीजुकं काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सकाळी ठेवली तर संध्याकाळपर्यंत त्या चार खोल्या दिसू लागतात. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला हे जमतं, आणि पाठ केलेलं वर्गीकरण मुलांना तेव्हा पहिल्यांदा खरं वाटतं.

सगळ्या एका कुळातल्या, तर सगळ्यांना एकच औषध का चालत नाही?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. कुल सांगतं की भुकटी कशी तयार होते आणि कशी रुजते. पण पिकात शिरायची वाट प्रत्येक जातीची आपापली, आणि औषध ठरतं त्या वाटेवरून.

ज्वारीची दाणे काणी बियाण्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटून येते आणि कोंब फुटताना त्यात शिरते. म्हणून ३०० मेश गंधकाची भुकटी किलोला ४ ग्रॅम चोळली की बहुतेक काम होतं. स्वस्त आणि जुना उपाय. गव्हाची काजळी फुलोऱ्यात शिरते आणि दाण्याच्या आत, गर्भात झोपून राहते. तिला वरून गंधक चोळणं म्हणजे कुलूप लावलेल्या दाराबाहेर झाडू मारणं. तिथं दाण्याच्या आत पोचणारं काहीतरी लागतं. १९३० च्या दशकात पंजाबात यावर निघालेला उपाय मला फार आवडतो. मे-जूनच्या उन्हाळ्यात बियाणं सकाळी चार तास पाण्यात भिजवायचं आणि मग कडक उन्हात पसरून वाळवायचं. पाण्याने बुरशी जागी होते आणि उन्हाने मरते. पुढं १९६० च्या दशकात कार्बोक्सिन हे आंतरप्रवाही, म्हणजे आत भिनणारं, औषध आलं आणि ती पद्धत मागं पडली.

मक्याची काणी तर जिथं बीजुक पडेल तिथंच गाठ करते, साऱ्या झाडात फिरत नाही. आणि उसाची काणी डोळ्यातून, म्हणजे कांडीवर जिथून कोंब फुटतो तिथून, शिरते.

उसात डोळ्यातून म्हणजे नेमकी कशी?

बीजुक वाऱ्याने उसाच्या डोळ्यावर पडतं. ओल मिळाली की रुजतं, चार खोल्यांची नळी काढतं आणि त्यातून बारीक बीजाणू सुटतात. हे दोन प्रकारचे असतात, मुलगा-मुलगी म्हणा. एकटा बीजाणू यीस्टसारखा नुसता वाढत राहतो, त्याच्याने रोग होत नाही. दोन विरुद्ध प्रकारचे भेटले आणि जुळले तरच तयार होणारा धागा उसात शिरू शकतो. मग तो डोळ्यातच दबून राहतो. तो डोळा शेतात लावला की धागा कोंबाबरोबर शेंड्यात चढतो, आणि दोन-चार महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, चाबूक बाहेर पडतो.

म्हणजे घोटाळा बेण्यात, लावायच्या उसाच्या कांड्यांत आहे. मी स्वतः एका रोपवाटिकेतून एक डोळा रोपं आणली होती. दिसायला हिरवीगार, तजेलदार. पाचव्या महिन्यात सरीत चाबूक उभे. रोप पाहून काणी कळत नाही. ते बेणं कोणत्या मळ्यातलं हे विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

शेतात चाबूक दिसला. आता काय करू?

कोयता घेऊन पळू नका. आधी प्लॅस्टिकची पिशवी घ्या. ती चाबकावर अलगद चढवा, खालून बांधा आणि मग दांडा कापा. पापुद्रा फाटायच्या आधी, सकाळी दवात, वारा नसताना केलं तर उत्तम. त्यानंतर ते बेट मुळासकट उपटून काढा आणि पिशवीसह जाळा. नुसता चाबूक तोडून बांधावर फेकणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि सगळ्यात जास्त दिसणाराही तोच. पुढचे काही महिने पंधरा दिवसांनी फेरी मारा, कारण फुटव्यातून नवे चाबूक येत राहतात.

पुढच्या लागणीसाठी बेणं निरोगी मळ्यातलं घ्या. साखर कारखाने आणि संशोधन केंद्रं मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे मळे करतात, त्यात मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देतात. घरगुती पातळीवर १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम घालून टिपऱ्या १० ते १५ मिनिटं बुडवायची शिफारस आहे. पण ती चांगल्या बेण्याला जोड म्हणून. काणी लागलेल्या फडातलं बेणं बुडवून शुद्ध होत नाही. उभ्या पिकावर फवारणी करून काणी बरी होत नाही. कोणी तसं औषध विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

खोडवा ठेवू का?

खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेलं पुढचं पीक. काणीचं एखाद-दुसरं बेट असेल आणि ते काढून टाकलं असेल तर ठेवा. जागोजागी चाबूक असतील तर नको. बुरशी बुडख्यातल्या डोळ्यांत असते, त्यामुळे खोडव्यात काणी नव्याने लावलेल्या उसापेक्षा हमखास वाढते. लोकांना हे माहीत असतं. पण खोडव्याला बेण्याचा आणि मशागतीचा खर्च नसतो, म्हणून मन वळत नाही. फड मोडल्यावर लगेच पुन्हा ऊस न घेता सोयाबीन, भुईमूग असं काही घ्या. ओलसर मातीत बीजुकं रुजतात आणि ऊस न मिळाल्याने मरतात, कोरड्या मातीत ती जास्त टिकतात.

कोणत्या वाणाला काणी येत नाही?

'येतच नाही' असं कोणाबद्दल म्हणणार नाही. को ७४० हा आपल्याकडचा एके काळचा राजा, पण काणीला फार लवकर बळी पडायचा. को ८६०३२ बऱ्यापैकी तग धरतो. वाण निवडताना आपल्या भागातल्या केंद्राची शिफारस पाहा. कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे आणि सातारा जिल्ह्यात पाडेगावचं केंद्र.

नुसत्या अंतराने वाचता येत नाही याचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या भागात ही काणी १८७७ साली नोंदवली गेली. ऑस्ट्रेलिया त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं सुटली. १९९८ साली ती पश्चिमेकडे ऑर्ड नदीच्या खोऱ्यात उगवली आणि २००६ साली क्वीन्सलँडच्या मुख्य ऊसपट्ट्यात. मग तिकडे वाणच बदलावे लागले.

गुळावर परिणाम होतो का?

होतो. ऊस बारीक, रस कमी, साखरेचं प्रमाण उतरलेलं. गुऱ्हाळावर असा ऊस मोळीत मिसळून जातो, त्यामुळे वेगळा कळत नाही. उतारा कमी पडला की मग काहिलीला किंवा गुळव्याला दोष.

वाडं जनावराला घालू का? भुकटी अंगावर उडाली तर?

चाबूक असलेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोठ्याकडे नेऊ नका. जनावराच्या काळजीपेक्षा, भुकटी वाटभर सांडते म्हणून. माणसाला काणीचा रोग होत नाही. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र त्रास होऊ शकतो, तोंडाला फडकं बांधा.

याच उपसंघातली एक बुरशी आपल्या डोक्यावर राहते, मॅलासेझिया. कोंडा होण्यामागे तिचा हात असतो. हे सांगितल्यावर वर्गात सगळे डोकं खाजवायला लागतात.

काणी कोणी खातं म्हणे?

खातात. मेक्सिकोत मक्याच्या कणसावरच्या काणीच्या कोवळ्या गाठींची भाजी करतात, तिला हुइत्लाकोचे म्हणतात आणि ती महाग विकली जाते. चीन-तैवानमध्ये एका पाणगवताचा देठ अस्टिलॅगो एस्क्युलेंटामुळे फुगतो, तो भाजी म्हणून पिकवतात. उसाच्या चाबकावर हा प्रयोग करू नका.

मक्याच्या काणीचं दुसरं मोठेपण प्रयोगशाळेतलं. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली डीएनएचे दोन धागे एकमेकांत अदलाबदल कशी करतात याचं जे चित्र मांडलं, त्यामागे या बुरशीवरचं त्यांचं काम होतं. बारावीनंतर जीवशास्त्र घेतलेल्यांना 'हॉलिडे जंक्शन' भेटतंच. तिचा पूर्ण जनुकसंच २००६ साली वाचून झाला. तो सुमारे दोन कोटी अक्षरांचा आहे, माणसाचा तीनशे कोटींचा.

भारतात या कुळावर कोणी काम केलं?

मुंडकूर आणि तिरुमलाचार ही दोन नावं लक्षात ठेवा. भारतातल्या अस्टिलॅजिनेलीझवरचा दोघांचा ग्रंथ १९५२ साली निघाला. तिरुमलाचार पुढं आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते आणि बुरशीविरोधी हॅमायसिन हे त्यांच्या तिथल्या कामातून आलं. ते देणाऱ्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. आयुष्याचा एक भाग बुरशी ओळखण्यात गेला आणि दुसरा बुरशी मारण्यात.

ओळखून हवी आहे, नमुना कसा आणू?

शेतातून काढून टाकायची काणी प्लॅस्टिकमध्ये, ओळखायला आणायची काणी कागदात. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि वर दुसरीच बुरशी येते. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत चाबकाचा वीतभर तुकडा ठेवा, तो लिफाफ्यात घाला आणि कडा चिकटवून टाका. बाहेर गाव, उसाचा वाण, लागणीची तारीख आणि लागण आहे की खोडवा हे लिहा. बसमध्ये लिफाफा उघडून शेजारच्याला दाखवू नका. मागच्या हंगामात एकाने दाखवला, आणि माझ्यापर्यंत पोचला तो रिकामा दांडा.